नवसाचे केस

हेदवाडीच्या पालखीचा पुढचा खांदा सहदेवच्या घराचा. हा मान कुणी आणि कशाबद्दल दिला हे वाडीत कुणालाच नीट सांगता येत नाही, पण तो कधी चुकल्याचंही कुणाला आठवत नाही. सहदेवचा गुडघा बोलायला लागला तेव्हा त्यानं ठरवलं, या शिमग्याला खांदा विनीतकडे द्यायचा.

विनीत त्याचा एकुलता मुलगा. महाडला एका फ्लेक्सच्या दुकानात बॅनर तयार करायचा. वाढदिवसाचे, निवडणुकीचे, दशक्रियेचे, जे येतील ते. तिथंच खोली घेऊन राहायचा आणि सवड मिळाली की पोलादपूरहून मिनीडोर पकडून घरी यायचा. त्याचे केस खांद्याच्या खाली पोचले होते. काळ्या रबरानं तो ते मानेवर बांधून ठेवी. दाट, सरळ केस होते. आईवर गेले होते.

आईला, ठकूबाईला, मुलगी नव्हती. विनीत घरी आला की ती पडवीत बसायची, वाटीत तेल कोमट करून घ्यायची आणि त्याच्या डोक्याला लावायची. "माझ्या डोक्यावर आता काय उरलं नाय, तुझ्या तरी डोक्यावर बघते," असं म्हणायची. विनीत मोबाइल बघत मुकाट बसून राहायचा. सहदेवला ते दृश्य आवडायचं नाही. पण त्यानं मुलाला एकदाच विचारलं होतं, "कशाला ठेवलेस हे?"

"आवडतात म्हणून, बाबा."

हे काही उत्तर झालं असं सहदेवला वाटलं नाही. केस ठेवायला कारण लागतं. बैरागी ठेवतो, नाटकवाला ठेवतो, सुतकात दाढी वाढते. नुसतं आवडतं म्हणून माणूस एवढं डोक्यावर घेऊन हिंडतो हे त्याच्या हिशेबात बसत नव्हतं. पण पोरगा कमावता होता, घरी वेळेवर पैसे देत होता, दारू पीत नव्हता. सहदेवनं तो विषय सोडून दिला.

शिमग्याच्या दिवशी सहाणेवर वाडी जमली होती. सहाण म्हणजे देवळापुढचा दगडी चौथरा. काळकाईची पालखी आधी तिथं बसते आणि मग घरोघर निघते. मुंबईकर मंडळी पांढऱ्या टोप्या घालून आली होती. खालूबाजावाले ढोल शेकत होते. विनीत पुढं झाला तसा गोमाजीनं हात आडवा धरला. गोमाजी गावकीचा अध्यक्ष. सत्तरी ओलांडलेला, आवाज मात्र अजून बैलाला हाकायचा.

"सहदेवा, खांदा तुझ्या मुलाचा का लेकीचा?"

हशा झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "गजरा आणा रे."

विनीतला हे नवीन नव्हतं. तो हसून म्हणाला, "गजरा आणलात तर माळतो काका, पण खांदा घेऊ द्या."

"मस्करी नाय," गोमाजी म्हणाला. "बाईसारखे केस घेऊन देवीला खांदा लागत नाय. कापून ये. नायतर औंदा खांदा दुसरं कोण तरी देईल."

दुसरं कोण तरी, एवढे शब्द सहदेवच्या कानात गेले आणि पुढचं त्याच्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं.

"नवसाचे हायत."

ढोल शेकणाऱ्यांचे हातसुद्धा थांबले. महादू गुरवानं विचारलं, "कसला नवस?"

"गेल्या साली हिचं ऑपरेशन झालं ना, पित्ताशयाचं. तेव्हा बोललो व्हतो. बरी व्हऊन घरी आली तर पोराचे केस देवीला देईन." आपण इतकं सरळ, न अडखळता बोलू शकतो याचं सहदेवलाच नवल वाटलं.

गोमाजीनं सहदेवकडे पाहिलं, मग बापाकडे बघणाऱ्या विनीतकडे. मग त्यानं हात खाली घेतला. "मग आधी सांगायचंस ना, खुळ्या. देवीचं असंल तर आम्ही कोण अडवणार?"

गजरा आणा म्हणणारा माणूस पुढं येऊन विनीतच्या खांद्यावरचा टॉवेल नीट करू लागला. विनीतनं पुन्हा एकदा बापाकडं बघितलं. मग वाकला, दांडीखाली खांदा दिला आणि दांडीखाली सापडलेले केस हातानं ओढून दुसऱ्या बाजूला टाकले. बाजा सुरू झाला. पोरगा पालखी छान नाचवत होता. सहदेवची छाती भरून आली.

संध्याकाळी घरी विनीत हसत होता. "बाबा, तुम्ही तर मला डायरेक्ट देवीच्या नावावर केलंत."

"गप रे. तोंडं बंद झाली का नाय सगळ्यांची?"

"झाली. पण उद्या विचारतील, फेडायचा कधी."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

ठकूबाई चुलीपाशी पुरणपोळी उलटत होती. ती म्हणाली, "माझ्या नावानं बोललात?"

"तुझ्या नावानं नाय गो. तुझ्या दुखण्याच्या."

"दुखणं माझंच व्हतं की."

दुसऱ्या दिवशी सकाळी विनीत सवयीनं पडवीत जाऊन बसला. ठकूबाईनं तेल कोमट केलं, वाटी त्याच्याजवळ आणून ठेवली आणि आत निघून गेली. "तुझं तूच लाव. देवीच्या केसांना माझा हात नको," असं आतूनच म्हणाली. विनीतला ती थट्टा वाटली. पुढच्या खेपेलाही तसंच झालं तेव्हा त्यानं वाटी परत आत नेऊन ठेवली.

वर्षभर विनीतला कुणी काही बोललं नाही. उलट पोलादपूरच्या स्टँडवर वाडीच्या म्हाताऱ्या त्याच्या डोक्याला हात लावून तो हात आपल्या कपाळाला लावायच्या. एकीनं नातवाला त्याच्या पायावर घातलं. पोरगं रात्री रडतं म्हणे. सोयरिकीची बोलणी आली, तीही 'नवस फिटला की बघू' या बोलीवर. सहदेव जाईल तिथं त्याला बसायला जागा मिळू लागली. बायकोसाठी नवस बोललेला माणूस, असं लोक त्याच्याविषयी बोलत. ते ऐकून ऐकून त्यालाही कधी कधी वाटायचं, बोललो असेन खरंच. दवाखान्याच्या बाकड्यावर बसलो होतो तेव्हा मनात काहीतरी आलंच असेल.

विनीतच्या खेपा मात्र कमी झाल्या. पावसाळ्यात एकदा आला तेव्हा म्हणाला, "आधी लोक हसायचे ते मला हसायचे, बाबा. आता पाया पडतात ते कुणाच्या पडतात तेच कळत नाय."

"मान देतात, तर घ्यावा."

"माझा असता तर घेतला असता."

दिवाळीनंतर ठकूबाईच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं. महाडच्या डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी केली आणि आम्लपित्त म्हणून गोळ्या दिल्या. तिखट कमी करा, जेवणाच्या वेळा पाळा. पण शेजारणीनं सहज म्हणून टाकलं, "नवस थकला की असं व्हतं गो." ते ठकूबाईच्या मनात जाऊन बसलं. ती रात्रीची उठून बसू लागली.

"थकलेल्या नवसाचं असं व्हतं, तर खोट्याचं काय व्हत असेल?" तिनं सहदेवला विचारलं.

"डॉक्टर काय बोलला ते ऐकलंस ना?"

"डॉक्टरला तुमचं काय ठाऊक?" ती म्हणाली. "देवीसमोर जाऊन खरं काय ते बोला. नायतर तिचे केस तिला देऊन टाका. दोन्हीतलं कायतरी एक करा. माझ्या जिवावर बोललात तुम्ही."

सहदेवनं दोन्हीचा विचार केला. खरं बोलायचं म्हणजे सहाणेवर, सगळ्या गावकीपुढं, आपण देवीच्या पालखीपुढं खोटं बोललो असं म्हणायचं. मग खांदा जाणार. आज्यापासून आलेला मान आपल्या हातून जाणार. केस काय, परत वाढतात.

विनीतला फोनवर कळवून झालं होतं, तरी शिमग्याच्या आधी तो महाडला गेला. मार्चमुळे दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. चवदार तळ्यावरच्या कार्यक्रमाचे बॅनर गुंडाळून भिंतीला उभे केले होते. दुकान बुद्धरत्नचं, विनीतच्याच वयाचा तरुण. त्यानं खुर्चीवरचे कागद उचलून सहदेवला जागा करून दिली आणि चहा सांगितला. विनीत मागं मशीनवर होता.

"काका, विनीत म्हणत होता, या वेळी केस कापायचे आहेत."

"हां. नवसाचे हायत ते."

बुद्धरत्ननं मान हलवली. "आमच्या आजोबांनी घरातलं हे सगळं बंद केलं, त्यामुळे मला यातलं फारसं कळत नाही. पण नवस न बोलताच फेडायचा, हे मी पहिल्यांदा ऐकतोय."

म्हणजे पोरानं मित्राला सांगितलं होतं. सहदेवनं चहाचा कप तोंडाला लावला आणि गरम असतानाच संपवून टाकला.

विनीत हात पुसत बाहेर आला. बुद्धरत्न उठून मशीनकडे गेला.

"आईचं कसं हाय?"

"घाबरली हाय. झोपत नाय."

"तुम्ही सांगा ना तिला. आणि वाडीला पण. सहाणेवर एकदा बोललात, परत एकदा बोला."

"काय बोलू?"

"त्याला आवडतात म्हणून ठेवलेत. एवढंच."

सहदेव खाली बघत राहिला. फरशीवर फ्लेक्सच्या कापलेल्या पट्ट्या पडल्या होत्या. "असं सांगितलं तर खांदा जाईल, विनीत."

"म्हणजे केस गेले तर चालतील."

"केस परत येतात रे."

विनीतनं मानेवरचं रबर काढून पुन्हा घट्ट बांधलं. मग म्हणाला, "येतो मी शिमग्याला. आईसाठी येतो. पण कापायच्या आधी महादूकाका तुम्हाला विचारतील. तेव्हा काय सांगायचं ते तुम्ही बघा."

विचारायची रीतच होती. नवस फेडताना गुरव देवीच्या वतीनं विचारतो, कुणाचा नवस, कशाचा, मनापासून बोललेला का. ज्यानं बोलला त्यानंच उत्तर द्यायचं. ते झाल्याशिवाय फेडलेलं देवीला पोचत नाही असं मानतात.

त्या शिमग्याला सहाणेवर गेल्या सालापेक्षा गर्दी जास्त होती. मोठ्या माणसाच्या नवसाचे केस उतरवताना वाडीत कुणी पाहिलं नव्हतं. पोलादपूरहून सलूनवाला बोलावला होता. विनीत प्लास्टिकच्या स्टुलावर बसला. रबर काढलं तसे केस पाठीवर पसरले आणि बायकांच्या घोळक्यातून 'अगं बाई' असा आवाज आला. ठकूबाई त्या घोळक्यात हात जोडून उभी होती.

महादू गुरवानं पालखीपुढं नारळ ठेवला. "कुणाचा नवस?"

"माझा," सहदेव म्हणाला.

"कशाचा?"

"हिच्या दुखण्याचा."

"मनापासून बोललेला का?"

विनीत स्टुलावरून त्याच्याकडं बघत होता. रागानं नव्हे. लहानपणी शाळेच्या नाटकात तो पुढचं वाक्य विसरला होता, तेव्हा सहदेवनं प्रेक्षकांतून त्याच्याकडं असंच बघितलं होतं, आठवेल आता, बोलेल आता, अशा आशेनं. सहदेवला पुढचं वाक्य पाठ होतं. मुलानंच ते दुकानात सांगितलं होतं. त्यानं गोमाजीकडं पाहिलं, पालखीच्या दांडीकडं पाहिलं.

"मनापासनं," तो म्हणाला.

विनीतनं मान खाली घातली.

सलूनवाल्यानं केस मानेवर गोळा करून रबर लावलं आणि कात्री चालवली. दाट केस होते, एका झटक्यात तुटले नाहीत. जुडी परडीत ठेवली गेली. मग मशीननं राहिलेलं डोकं सारखं केलं. गोमाजीनं विनीतला नारळ दिला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि डोक्यावर पांढरी टोपी ठेवली. टोपी सैल बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विनीतनं खांदा दिला, पालखी उचलली, नाचवली, दारोदार नेली. कुठं कसूर केली नाही.

केस ओढ्याच्या डोहात सोडायचं काम सहदेवकडं आलं. सोडताना त्याला जुडीवरचं रबर दिसलं. देवीला रबर कशाला, म्हणून त्यानं ते काढून खिशात टाकलं. केस मोकळे झाले, पण बुडाले नाहीत. कडेच्या दगडाला जाऊन लागले आणि तिथंच हलत राहिले. तो काठी शोधू लागला, मग ते त्याला बरं वाटेना आणि तो तसाच घरी आला. रबर त्यानं फळीवर ठेवलं होतं. पुढं ठकूबाईनं ते कोकमाच्या पिशवीला बांधलं.

तिचं पोट बरं झालं. गोळ्यांनी की नवसानं, याचा निवाडा घरात कुणी केला नाही. विनीत पुढच्या खेपेला आला तेव्हा तिनं आनंदानं तेल कोमट केलं आणि त्याला पडवीत बसवलं. दोन थेंबांत डोकं भिजलं. वाटीतलं तेल तसंच उरलं. ती वाटीकडं बघत बसली आणि मग म्हणाली, "एवढंसं तर झालंय."

सहदेव ओसरीवरून म्हणाला, "वाढव की परत."

"कशाला?" विनीत म्हणाला. "वाढले की लोक विचारणार, आता कुणासाठी. आई परत घाबरायची."

"मी सांगेन लोकांना."

"काय सांगाल?"

प्रश्न साधा होता. उत्तरही सहदेवला ठाऊक होतं. तरी तो विडीचं बंडल चाचपत राहिला आणि विनीत आंघोळीला गेला.

यंदाच्या शिमग्याला पालखीच्या मागच्या खांद्यावर पांडूचा मुलगा उभा राहिला. हृतिक त्याचं नाव. नालासोपाऱ्याला वाढलेला, कुठल्याशा जिममध्ये शिकवायचा. केस विनीतचे होते त्यापेक्षा लांब, आणि टोकांना तांबडे केलेले. वाडीत कुजबुज झाली. सहदेव गुडघ्यामुळे चौथऱ्याच्या कडेला बसला होता. तो सावरून बसला.

गोमाजीनं जवळजवळ आशेनंच विचारलं, "नवसाचे काय रे?"

"नाय काका," हृतिक म्हणाला. "असेच. आवडतात."

"आवडतात," गोमाजी म्हणाला. "पांड्या, तू काय बोलतोस याच्यावर?"

पांडूनं तंबाखूची पिंक टाकली. "मी काय बोलू? डोकं त्याचं, केस त्याचे. शांपू पण तोच आणतो. माझा साबण वाचतो, तेवढं बरं."

लोक हसले. गजरा आणा, असं पुन्हा कुणीतरी म्हणालं. "वेणी घालून दे रे, पालखीला झालर व्हईल," दुसरा म्हणाला. हृतिकही हसला. गोमाजीनं इकडंतिकडं पाहिलं. निम्म्या पोरांना सुट्टी मिळाली नव्हती, खांदे द्यायला माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यानं हात झटकला.

"घे खांदा. केस दांडीत अडकले तर बोंबलू नकोस."

एवढंच झालं. बाजा वाजायला लागला. हृतिकनं केस एका बाजूला ओढून घेतले आणि खांदा दिला. पुढं विनीत वाकला. त्याचाही हात मानेमागं गेला, तिथं क्षणभर थांबला आणि मग टॉवेल सारखा करून खाली आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं बापाकडं बघितलं नाही.

पालखी निघाली तसा गोमाजी दमून सहदेवच्या शेजारी येऊन टेकला. सहदेव म्हणाला, "आमच्या विनीतनं पण आवडतात म्हणूनच ठेवले व्हते."

"ठाऊक हाय."

सहदेवनं मान वळवली.

"तू नवस बोललो म्हणालास तेव्हा पोरानं तुझ्याकडं बघितलं ना, तेव्हाच कळलं," गोमाजी म्हणाला. "ज्याला ठाऊक असतं तो असा बघत नाय."

"मग बोललात का नाय?"

"चारचौघांत तुला खोटं कसं पाडू? देवीसमोर बोललास, घरचा मानकरी. म्हटलं, झाकून घेऊ." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पण मला वाटलेलं, फेडायच्या टायमाला तरी बोलशील. महादूला मीच सांगितलेलं, घाई करू नको, सावकाश विचार."

"बोललो असतो तर खांदा गेला असता माझा."

"साल-दोन सालं गेला असता," गोमाजी म्हणाला. "मग दिला असता परत. माणसं कुठं हायत इथं?"

पालखी घरोघर फिरत सहदेवच्या दारात आली तेव्हा ऊन उतरलं होतं. तो आडवाटेनं आधीच येऊन अंगणात उभा राहिला होता. ठकूबाईनं देवीची ओटी भरली, खांदेकऱ्यांच्या पायावर पाणी घातलं. हृतिकच्या पायावर पाणी घालून ती उठली आणि त्याच्या तोंडावर आलेली घामेजलेली बट तिनं कानामागं सारली. "तेल लावत जा रे," म्हणाली.

विनीत दांडी खांद्यावर घेऊनच उभा होता. बारीक कापलेल्या केसांतून घाम कपाळावर ओघळत होता. सहदेव त्याच्या अगदी जवळ गेला. बाजा थांबलेला होता, बोललं असतं तर ऐकू गेलं असतं. त्याचे ओठ हलले.

"बाबा, उभे कशाला राहिलात?" विनीत म्हणाला. आवाज मऊ होता, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसा. "गुडघा दुखेल. बसा."

सहदेव बसला. बाजा पुन्हा सुरू झाला आणि पालखी पुढच्या दाराकडं वळली.